फ्लॅश फ्लड आणि ‘४० टक्के शक्यता’: कळत नसेल तर गप्प बसायचं का?

पर्जन्यछाया

काल पावसाच्या धाग्यावर काठावरची यांनी लिहिलं होतं, "फ्लॅश फ्लडचा अंदाज म्हणजे नाणं उडवणं. ४० टक्के शक्यता म्हणे. पाणी येणार असेल तर येणार म्हणा, नसेल तर नाही म्हणा, आणि कळत नसेल तर गप्प बसा, लोकांना रात्रीबेरात्री उठवू नका." खाली लगेच ‘सहमत’ची रांग लागली. मी तिथेच उत्तर टंकायला घेतलं, ते लांबत गेलं म्हणून वेगळा धागा काढतोय. राग आलाय, लपवत नाही. पंधरा वर्षं नद्यांच्या पातळ्यांच्या आकड्यांवर काम करतोय, आणि ‘कळत नसेल तर गप्प बसा’ या वाक्यानं रात्री झोप लागली नाही.

मोठ्या नदीचा पूर सांगणं वेगळं असतं. वरच्या ठाण्यावर पाणी मोजलं की ते खाली किती तासांनी पोचतं हे जुन्या नोंदींवरून माहीत असतं, कधी कधी दीड-दोन दिवस हातात मिळतात. फ्लॅश फ्लडमध्ये पाऊस लागल्यापासून सहा तासांच्या आत सगळं होऊन जातं, छोट्या ओढ्याला तर तासाभरात. म्हणजे पडलेला पाऊस मोजून मग सांगायचं म्हटलं तर उशीर झालेला असतो, म्हणून अजून पडलेलाच नाही अशा पावसावर बोलावं लागतं. आणि नुसतं ‘या भागात मुसळधार’ म्हणून भागत नाही, तो डोंगराच्या अलीकडच्या ओढ्यात उतरणार की पलीकडच्या, हे सांगावं लागतं. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर आणि त्याच शहरात कुलाब्याला ७४ च्या आसपास. आता मला सांगा, एवढ्या कमी अंतरात पाऊस बारा पटीनं बदलत असेल तर आदल्या दिवशी कुणी कुठल्या तोंडानं ‘तुमच्या ओढ्याला येणार’ किंवा ‘नाही येणार’ असं छातीठोक सांगावं?

रडार आहे ना, असं लगेच कुणीतरी म्हणेल. रडार पाऊस मोजत नाही, थेंबांवरून परत आलेला प्रतिध्वनी मोजतं आणि त्यावरून पावसाचा हिशोब लावतात. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की प्रतिध्वनी ६४ पट होतो, त्यामुळे थोडे मोठे थेंब आणि पुष्कळ बारीक थेंब यांत गल्लत होते, गारा असतील तर आणखीच. शिवाय किरण सरळ जातो आणि जमीन खाली वळत जाते, १०० किलोमीटरवर सगळ्यात खालचा किरणसुद्धा जमिनीपासून दीडेक किलोमीटर वर असतो. त्याच्या खाली काय चाललंय ते त्याला दिसत नाही. मधे डोंगर आला तर प्रश्नच मिटला. आणि फ्लॅश फ्लड डोंगरातच जास्त येतात.

मग जमीन. तोच ८० मिलिमीटर पाऊस कोरड्या मातीवर पडला तर पाणी मुरतं आणि आठवडाभर भिजलेल्या मातीवर पडला तर तसंच ओढ्यात धावतं. मग ओढा. पातळीवरून विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहतंय ते, काढायचं कोष्टक आजवर मोजलेल्या पातळीपर्यंतच खरं असतं, त्याच्या वर आम्ही रेघ पुढे ओढतो, अंदाजानंच. जर्मनीतल्या आर नदीवर आल्टेनआरच्या ठाण्याची जुनी विक्रमी पातळी ३.७१ मीटर होती, २०१६ ची. १४ जुलै २०२१ ला दुपारी अंदाज पाच मीटरच्या वर गेला, संध्याकाळी चार मीटरपर्यंत खाली आला, मग परत वर चढला, आणि ५.७५ मीटरची नोंद देऊन ठाणंच वाहून गेलं. नंतर काठावरच्या खुणांवरून काढलेली पातळी दहा मीटरच्या आसपास भरली.

तर ४० टक्के कुठून येतात? सुरुवातीची स्थिती जराजराशी बदलून मॉडेल पुन्हा पुन्हा चालवतात. युरोपियन हवामान अंदाज केंद्राचं ५१ वेळा चालतं. त्यातल्या २० वेळा तुमच्या खोऱ्यावर भयंकर पाऊस दिसला तर ते साधारण ४० टक्के. एवढंच माहीत आहे आणि एवढंच सांगितलं. ‘येणार की नाही ते बोला’ हा आग्रह म्हणजे मला खोटं बोलायला लावणं आहे.

काठावरची

लिहिलं ते मीच, आणि त्यावर कायम आहे. तुमचं सगळं वाचलं, दोनदा वाचलं. आता माझं ऐका.

आमचं घर ओढ्यापासून चाळीस पावलांवर आहे. सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या, कमरेखालचं काही हलत नाही. त्या पावसाळ्यात तीन वेळा निरोप आला, सावध राहा, पुराची शक्यता आहे. तीन वेळा मी आणि माझ्या नवऱ्यानं त्यांना चादरीत घालून उचललं, पावसात, अंधारात, वरच्या आळीतल्या नातेवाइकांकडे नेलं. दुसऱ्या वेळी नेताना त्यांचा हात दाराच्या चौकटीवर आपटला, कातडी सोलून निघाली, वय झालेल्या माणसाची कातडी कशी असते माहीत असेल तर कळेल. तिन्ही वेळा पाणी आलं नाही. काठ ओलाही झाला नाही. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, आता पुन्हा मला हलवू नकोस, जे होईल ते इथेच होऊ दे.

चौथ्या वेळी निरोपच आला नाही. पहाटे तीनला पाणी घरात होतं.

आता तुम्ही मला ५१ वेळा चालवलेलं मॉडेल सांगताय. ४० टक्के म्हणजे मी सासूबाईंना ४० टक्के उचलू का? उचलायचं तर अख्खं माणूस उचलावं लागतं. अनिश्चितता तुमची आहे हो, पण तिचं ओझं वाहतं कोण?

गणिती

@काठावरची, तुमच्या बाबतीत जे झालं ते वाईटच. पण नेमका हाच मुद्दा टक्केवारीच्या बाजूनं जातो. निघण्याची किंमत आणि न निघाल्यानं होणारं नुकसान यांचं गुणोत्तर काढा, शक्यता त्याच्या वर असेल तर निघायचं. ज्याचं नुकसान फार मोठं आणि निघणं सोपं, त्यानं ५ टक्क्यांनाही निघावं. ज्याचं निघणंच जड, त्याचा उंबरठा वर. प्रत्येकाचा उंबरठा वेगळा असताना वरून एकच ‘हो’ किंवा ‘नाही’ आलं तर ते कुणासाठीच बरोबर नसतं. टक्के मिळाले तर ज्याचं त्याला ठरवता येतं.

काठावरची

@गणिती, नुकसानाच्या जागी सासूबाई लिहायच्या का? आणि उचलण्याच्या किमतीच्या जागीही त्याच? मग काढा गुणोत्तर आणि सांगा मला.

घाटवाट

मला तर वाटतं तुम्ही दोघंही चुकीच्या जागेचा अंदाज बघताय. दहा वर्षांपूर्वी आम्ही सात जण एका घळीत उतरलो होतो. डोक्यावर निळं आभाळ, सकाळी अंदाज बघितलेला, त्या जागेला पाऊस नाही असा, आणि तो अंदाज बरोबर निघाला, दिवसभर तिथे थेंब पडला नाही. दुपारी पाण्याचा रंग बदलला. आधी काड्या आणि पालापाचोळा यायला लागला, मग एक घरघर, जड गाडी दुरून यावी तसा आवाज. आमच्यातल्या एकानं, जो आधी अशा ठिकाणी राहिलेला होता, नुसतं "वर" एवढं ओरडून कड्याला हात घातला. आम्ही का कशाला न विचारता त्याच्यामागे चढलो. पाच मिनिटांत खालची वाट नव्हती. पाणी असं वाटतच नव्हतं, चिखल आणि ओंडके आणि दगड एकत्र सरकत होते.

अमेरिकेत अँटेलोप कॅन्यनमध्ये ऑगस्ट १९९७ ला ११ पर्यटक असेच गेले, पाऊस त्यांच्यापासून कित्येक मैल वर पडला होता. म्हणून माझं म्हणणं, शक्यता किती टक्के यापेक्षा कुठे पडलेल्या पावसाचं पाणी माझ्याकडे येतं हे लोकांना माहीत नसतं, ते आधी शिकवा. आमच्या वेळीही वर कुठेतरी ढगफुटी झाली असणार.

बाराखडी

झालीच असणार? कुणी मोजली? हा शब्द वाचला की माझं डोकं फिरतं. ढग म्हणजे पाण्याची पखाल नाही फुटायला. एका तासात १०० मिलिमीटर, वीस-तीस चौरस किलोमीटरच्या भागात, असा हवामान खात्याचा निकष आहे. तासाला चाळीस पडला, ढगफुटी. रात्रभर संततधार लागून सकाळी ओढा भरला, ढगफुटी. धरणाचे दरवाजे उघडले आणि खालची शेतं गेली, तरी बातमीत ढगफुटी. कृपा करून शब्द जपून वापरा.

पाटपाणी

@बाराखडी, माणसं कशी वाचली ते तो सांगतोय आणि तुम्हाला शब्द दिसला. माझी आजी ‘ढग फुटला’ म्हणायची, तिला तुमचा निकष ठाऊक नव्हता. अंगावर पाणी ओतल्यासारखा पाऊस पडला की लोक तसंच म्हणणार. शब्द लोकांचा आहे, खात्यानं नंतर त्याला आकडा चिकटवला.

बाराखडी

आजीनं म्हणायला काहीच हरकत नाही. बातमी देणाऱ्यानं आणि पंचनामा लिहिणाऱ्यानं म्हणायला आहे. ढगफुटी म्हटलं की विषय संपतो. आभाळच फाटलं, कोण काय करणार? ओढ्याच्या पात्रात भिंत कुणी बांधली, रस्त्याखालच्या मोरीत राडारोडा कुणी टाकला, पूररेषेच्या आत परवानगी कुणी दिली, हे मग कुणी विचारत नाही. मी स्वतः एका चौकशीच्या बैठकीला नागरिक म्हणून बसलोय. पहिल्या दहा मिनिटांत ‘ढगफुटीसदृश पाऊस’ हा शब्द अकरा वेळा आला, मी वहीत रेघा मारत होतो. मोरीचा उल्लेख एकदाही नाही. सदृश म्हणजे काय? झाली की नाही झाली?

पाटपाणी

म्हणजे चीड तुम्हाला त्या बैठकीची आहे आणि काढताय ती इथल्या माणसावर. तसं स्पष्ट सांगा ना.

बाराखडी

हो, त्या बैठकीची आहे. आणि तुम्ही तिथे असता तर तुम्हालाही आली असती.

पाटपाणी

मी तशा मोरीच्या खालच्या अंगाला राहतो, मला बैठकीत बसून चीड यायची गरज नाही. माझ्या शेताचा बांध दोनदा गेलाय. दोन्ही वेळा कागदावर १०० मिलिमीटर भरले नाहीत म्हणून ‘अतिवृष्टी एवढीच’ असं लिहून आलं. पर्जन्यमापक डोंगराच्या पलीकडे, पाऊस अलीकडे! तुमचा निकष असा कामाला येतो बघा, जवळ मोजायला कुणी नाही म्हणून ढगफुटी नाही.

पर्जन्यछाया

दोघंही थांबा जरा, कारण तुमच्या भांडणात धाग्याचाच मुद्दा आहे. पाटपाणी म्हणतात ते खरं आहे, इतक्या छोट्या पट्ट्यात पडलेला पाऊस दोन मापकांच्या मधून निसटतो, त्यामुळे ढगफुटी झाली हेही बऱ्याचदा सिद्ध होत नाही आणि झाली नाही हेही नाही. आणि बाराखडींचंही खरं, शब्द सोयीचा आहे. २०१३ च्या केदारनाथला अजूनही लोक सरसकट ढगफुटी म्हणतात. तिथे कित्येक तास लागून राहिलेला पाऊस, त्यात बर्फाचं पाणी, आणि १७ जूनला वरचा चोराबारी तलाव फुटला. चमोलीला ७ फेब्रुवारी २०२१ ला तर आभाळ स्वच्छ होतं, खडक आणि बर्फाचा मोठा कडा तुटून खाली आला आणि त्याचा लोंढा झाला. जगातलं उत्तम पावसाचं मॉडेल लावलं असतं तरी त्या दिवशी शून्य टक्केच दाखवलं असतं. प्रत्येक पूर ‘ढगफुटी’च्या खात्यात टाकला की अंदाज नेमका कुठे कमी पडला हे कधी कळतच नाही, पावसाचा चुकला, मातीचा चुकला, की कुणी वर बघतच नव्हतं.

बाराखडी

हेच तर म्हणतोय मी केव्हापासून.

पाटपाणी

तुम्ही ‘शब्द वापरू नका’ म्हणत होतात. हे वेगळं आहे.

निरोप्या

इतका वेळ सगळे अंदाजावरच बोलताय म्हणून लिहितो. अंदाज कमी पडतो हा मुळात बहाणा आहे. स्पेनमधलं व्हॅलेन्सिया बघा, २९ ऑक्टोबर २०२४. तिथल्या हवामान संस्थेनं सकाळी साडेसातच्या सुमारास लाल इशारा दिला होता. फोनवर सगळ्यांना जाणारा संदेश कधी गेला? रात्री आठ वाजून गेल्यावर. तोवर लोक गाड्या काढायला तळघरांत उतरले होते. २२० पेक्षा जास्त माणसं गेली. वरच्या तूरीस गावाला एका तासात १८४.६ मिलिमीटर पडला आणि खालच्या गावांत, जिथे माणसं मेली, तिथे पाऊस जेमतेम. घाटवाट म्हणतात तेच, पाणी वरून आलं. आता यात अनिश्चितता कुठे होती? बारा तास हातात होते.

मी निरोप पोचवायच्या कामात होतो, कुठे ते सांगत नाही. एकदा संध्याकाळी सहाला कागद हातात आला, ‘शक्यता मध्यम’. साहेब म्हणाले मध्यम म्हणजे काय, फोन करून विचारा. विचारलं तर उत्तर आलं, सांगता येत नाही, लक्ष ठेवा. मग सही कुणी करायची यावर रात्रीचे दहा वाजले. तुमच्या प्रामाणिक टक्क्यांचं पुढे हे होतं, पर्जन्यछाया. ज्याला निर्णय टाळायचाय त्याच्या हातात तुम्ही आयती ढाल देता.

पर्जन्यछाया

@निरोप्या, व्हॅलेन्सियाचं सगळं मान्य. पण त्यावरून ‘अनिश्चितता बहाणा आहे’ हे निघत नाही. टेक्सासमध्ये ४ जुलै २०२५ ला काय झालं? आदल्या दुपारी सावधगिरीची सूचना, रात्री १ वाजून १४ मिनिटांनी पुराचा इशारा, आणि मग हंटजवळ ग्वाडालूप नदी ४५ मिनिटांत साधारण २६ फूट चढली. आदल्या दिवशीच्या सूचनेत काही ठिकाणी पाच ते सात इंच पाऊस म्हटलं होतं. तो नेमका कुठल्या फाट्यावर बसणार हे आदल्या दुपारी कुणालाही सांगता आलं नसतं. आणि रात्री एकला ज्यांच्यापर्यंत इशारा पोचायला हवा होता ते झोपलेले होते.

निरोप्या

म्हणजे पुन्हा पोचवण्याचाच प्रश्न झाला. माझंच म्हणणं सांगताय.

पर्जन्यछाया

दोन्ही प्रश्न आहेत! एक खोडून दुसरा का उभा करताय?

काठावरची

तुम्ही लोक मेलेल्या माणसांचे आकडे एकमेकांच्या अंगावर फेकताय. हा २२० म्हणतो, तो दुसरा देश काढतो. मी एक साधं विचारलं होतं, ४० टक्क्यांचं मी काय करू, त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. बाराखडींना शब्दाची पडलीये, गणितींना गुणोत्तराची. ज्यांच्या घरात कधी पाणी शिरलं नाही त्यांनी जरा हळू बोलावं.

गणिती

@काठावरची, माझ्या घरात शिरलेलं नाही, खरं आहे. काल तुम्ही विचारलं ते गुणोत्तर मला काढता आलं नाही, तेही खरं. आणि तुमच्या बाजूचा एक पुरावा मीच देतो, द्यायची इच्छा नव्हती पण दडवणं बरोबर नाही. अमेरिकेत टोर्नेडोच्या इशाऱ्यांवर सिमन्स आणि सटर यांचा २००९ चा अभ्यास आहे, ज्या भागांत खोटे ठरलेले इशारे जास्त, तिथे मृत्यू आणि जखमीही जास्त. म्हणजे तीनदा फुकट उचलावं लागल्यावर चौथ्यांदा पाय उचलत नाही, हा तुमचा हट्ट नव्हे, माणसं तशीच वागतात. टक्क्यांबद्दलही एक. गिगरेंझर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये पाच शहरांतल्या लोकांना विचारलं होतं, ‘उद्या ३० टक्के पाऊस’ म्हणजे काय. कुणी म्हणालं दिवसातला ३० टक्के वेळ, कुणी म्हणालं ३० टक्के भागात. बरोबर अर्थ, म्हणजे अशा शंभर दिवसांतल्या तीस दिवशी पाऊस पडतो हा, बहुतेकांनी सांगितला असं पाचातलं एकच शहर, न्यूयॉर्क. तेव्हा नुसता आकडा फेकून ‘ठरवा आता तुमचं तुम्ही’ म्हणणं पुरेसं नाही, एवढं मागे घेतो. सूत्र मात्र चुकीचं नाही.

घाटवाट

मधे एक सांगून जातो, कारण हे सगळं वाचून कुणाला वाटेल नक्की कळेपर्यंत थांबावं. वाहतं पाणी १५ सेंटिमीटर असलं तरी मोठ्या माणसाचा पाय सुटतो, ३० ला छोटी गाडी सरकायला लागते, ६० ला बहुतेक गाड्या जातात. खाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेलाय हे गढूळ पाण्यातून दिसत नाही. १९७६ ला अमेरिकेत बिग थॉम्पसन नदीच्या दरीत १४० हून जास्त माणसं गेली, त्यातली कितीतरी गाडीत बसून दरीतूनच पळायला निघालेली. त्यानंतर तिथे पाट्या लागल्या, पूर आला तर वर चढा. टक्के कितीही असोत, पाणी दिसल्यावर गाडी काढायची नाही.

पर्जन्यछाया

काठावरची, तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं मी टाळत होतो, कारण ते द्यायचं तर एक गोष्ट सांगावी लागते.

सहा वर्षांपूर्वी रात्रपाळीला मी एकटा होतो. एका छोट्या नदीचं ठाणं दर पंधरा मिनिटांनी पातळी पाठवायचं. साडेअकराला पातळी चढत होती, पावणेबाराला चढली, बाराला तेवढीच, सव्वाबाराला तेवढीच, साडेबाराला तेवढीच. मला वाटलं पाणी स्थिरावलं. रडारवर पाऊस ओसरताना दिसत होता, तो सरकून डोंगराच्या आडोशाला गेला होता हे सकाळी कळलं. निरोप पाठवायचा मजकूर तयार होता, आधी दोन वेळा पाठवलेला खोटा ठरला होता, वरिष्ठांनी त्याबद्दल ऐकवलं होतं, म्हणून म्हटलं अजून एक नोंद बघू. एकलाही तेवढीच. पाणी स्थिरावलं नव्हतं, नळीत गाळ भरून मापक अडकला होता. खालच्या वस्तीत त्या रात्री दोन माणसं गेली. चौकशीत माझं नाव आलं नाही, कारण नोंदीप्रमाणे पाणी धोक्याच्या खालीच होतं.

‘कळत नसेल तर गप्प बसा’ हे मला इतकं का लागलं ते आता कळेल. मी त्या रात्री नेमका गप्प बसलो होतो.

म्हणून माझं उत्तर असं. टक्के संध्याकाळी द्यायचे, उजेड असताना, ज्याला जी छोटी तयारी जमते ती करता यावी म्हणून, आणि पुढे कुठली नोंद दिसली की घाबरायचं हेही सोबत सांगायचं. एकाच जागी थांबलेली पातळी हीसुद्धा धोक्याची खूण धरायची, हे मी त्यानंतर आमच्याकडे भांडून लिहून घेतलंय. पण रात्री पाणी चढायला लागलं की टक्के बंद, तेव्हा एकच वाक्य, निघा. ते खोटं ठरलं तर दुसऱ्या दिवशी आम्ही येऊन तोंड दाखवायचं आणि का खोटं ठरलं ते सांगायचं. हे तुमच्या म्हणण्याच्या निम्म्याजवळ आहे. पूर्ण नाही.

निरोप्या

दुसऱ्या दिवशी येऊन सांगणारा माणूस मी नोकरीभर एकही बघितला नाही. तुम्ही गेला असाल तर तुमच्यापुरतं मानतो. आणि ‘निघा’वर सही कोण करणार हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

पर्जन्यछाया

रात्रपाळीवर जो असेल त्यानं, साहेबांना न विचारता. त्यासाठीच भांडतोय. अजून मिळालेलं नाही.

पाटपाणी

त्या गाळ भरलेल्या नळीबद्दल. आमच्या ओढ्यावर मापकच नाही, गाळ भरायलाही. छोट्या ओढ्यांवर कुठेच नसतो. मग तुमची टक्केवारी ठरते कशावर?

पर्जन्यछाया

शेजारच्या खोऱ्यावरून, उतारावरून, माती किती भिजलीये याच्या हिशोबावरून. आणि पूर येऊन गेल्यावर भिंतींवरच्या, झाडांवरच्या खुणा मोजून पाणी किती आलं ते उलटं काढतात. ते काम फार थोड्या ठिकाणी होतं. खुणा पुढच्या पावसात धुऊन जातात किंवा लोक घरं रंगवतात.

काठावरची

रात्री तुमची ती गोष्ट वाचली. लगेच लिहिलं नाही, राग कमी व्हायला वेळ लागला, पूर्ण गेलेला नाही.

एक गोष्ट मानते, आणि ती सूत्रामुळे मानत नाही. त्या चौथ्या संध्याकाळी कुणी नुसतं १० टक्के म्हणालं असतं तरी मी त्यांना बाहेर नेलं नसतंच, पण खाट माळ्याच्या जिन्याखालून हलवून जिन्याच्या वरच्या टप्प्यावर लावली असती. उजेडात, चार माणसं बोलावून. त्याला त्यांनी नाही म्हटलं नसतं. हे मला तेव्हा सुचलंच नाही, कारण तिन्ही निरोपांच्या वेळी घर सोडायचं की नाही एवढंच डोक्यात होतं. त्या रात्री शेजारच्या मुलानं त्यांना पाठीवर घेतलं म्हणून त्या वाचल्या. नंतर छाती भरली, महिनाभर दवाखान्यात काढला.

बाकी ‘निघा’ म्हणून खोटं ठरलं तर येऊन तोंड दाखवू, हे तुम्ही लिहिलंय. मी ते जपून ठेवलंय.

आणि खुणा. अडीचला मी उठले तेव्हा पाणी मागच्या दुसऱ्या पायरीवर होतं, नळ चालू राहिला असेल असं वाटून उठले होते. दिवा गेला तेव्हा उंबऱ्यावर. तीनच्या आधी माझ्या गुडघ्याच्या वर. सगळ्यात वर कुठे आलं ते मागच्या खोलीत भिंतीवर आहे, तपकिरी रेघ, खिडकीच्या गजांना धरून सरळ गेलेली. नवरा रंगवू म्हणतोय. मी अजून रंगवू दिलेली नाही. मोजायला कुणाला पाठवणार असाल तर तसं कळवा.

पर्जन्यछाया

मीच येतो. पत्ता इथे लिहू नका, व्यक्तिगत निरोपात पाठवा. वेळा लिहिल्यात तशाच एका कागदावर उतरवून ठेवा, पायरीची उंची मी आल्यावर घेईन.